जुन्या टूरिंग मोटारसायकलला बसणारी सीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवीस-तीस वर्षांची टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीची, गाडी नीट सांभाळलेली असेल तर इंजिन अजून खणखणीत असतं. सीट मात्र बसून बसून पाट झालेली असते. कंपनीने ती बनवणं केव्हाच थांबवलेलं असतं, मग शोधाशोध सुरू होते. "या गाडीला बसते" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, स्वतः बसवून पाहिलेले फार थोडे. मी माझ्या गाडीसाठी दोन सीट चुकीच्या घेतल्या आणि तिसऱ्या वेळी माझ्याच जुन्या सीटच्या तळावर नवी गादी करून घेतली. त्या काळात मी विचारलेले आणि नंतर मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कोणती सीट बसेल हे नक्की कशावरून ठरतं?

तळावरून. सीट उलटी करा. खाली दिसतो तो प्लास्टिकचा, फायबरचा किंवा पत्र्याचा बेस, पुढे एक जीभ किंवा हुक, मागे लॉकची खिट्टी किंवा बोल्टची भोकं, आणि चार-सहा रबरी बुश. गाडीशी नातं असतं ते एवढ्याच गोष्टींचं. वरचा फोम, कव्हर, शिलाई, पाठटेकू हे सगळं तुमच्या शरीरासाठी.

म्हणून "बसेल का?" आणि "सोसेल का?" हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. पहिल्याचं उत्तर तळाशी मिळतं, दुसऱ्याचं वरच्या गादीत. लोक फोटोत वरून सीट बघतात, आकार ओळखीचा वाटतो आणि पैसे देऊन मोकळे होतात. विकणाऱ्याकडे आधी खालच्या बाजूचा फोटो मागा. तो देत नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.

मॉडेलचं नाव तेच आहे. मग सीटही तीच असणार ना?

बहुतेकदा नाही. टूरिंग गाड्यांची नावं पिढ्यान् पिढ्या चालतात, फ्रेम मात्र बदलत जातात. होंडाची गोल्डविंग घ्या. १९७५ मध्ये जीएल१००० आली, १९८० ला जीएल११००, १९८४ ला जीएल१२००, १९८८ ला सहा सिलिंडरची जीएल१५०० आणि २००१ मध्ये जीएल१८००. पाचही गोल्डविंगच, पण एकीची सीट दुसरीला सरळ बसेल ही आशा धरू नका. यामाहाच्या एफजेआर१३०० ला २००६ मध्ये चालकाची सीट दोन उंचींवर लावता येऊ लागली, ८०५ आणि ८२५ मिमी. म्हणजे खालची मांडणीच बदलली. होंडाच्या एसटी११०० नंतर एसटी१३०० आली, तिच्यात चालकाची सीट तीन पातळ्यांवर बसते: ७७५, ७९० आणि ८०५ मिमी. नावात दोनशेचाच फरक, पण सीट पूर्ण वेगळी.

हार्लेच्या टूरिंग गाड्यांमध्ये ही सीमारेषा फार स्पष्ट आहे. १९९७ ते २००७ हा एक गट आणि २००८ पासून पुढचा दुसरा, कारण २००८ मध्ये सहा गॅलनची मोठी टाकी आली आणि सीटचं नाक जिथे टेकतं ती जागाच बदलली. एका गटाच्या आत मात्र रोड किंग, इलेक्ट्रा ग्लाइड, रोड ग्लाइड यांच्यात बऱ्याच सीट एकमेकांना चालतात. नाव एक असून सीट वेगळी आणि नावं वेगळी असून सीट एक, असे दोन्ही प्रकार भेटतात. त्यामुळे नावावर विसंबू नका.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या हवेने थंड होणाऱ्या आरटी या टूरिंग गाड्यांतही असंच आहे. मागे दोन शॉक (धक्के सोसणारे शॉक ॲब्सॉर्बर) असलेल्या सुरुवातीच्या गाड्या आणि नंतरच्या एकाच शॉकच्या गाड्या यांची मागची फ्रेम वेगळी, म्हणून सीटही वेगळी.

माझी गाडी नेमकी कोणत्या वर्षाची धरायची?

नोंदणीचं वर्ष धरू नका. गाडी बनते एका वर्षी, विकली जाते दुसऱ्या वर्षी, आणि कंपनीच्या हिशेबातलं मॉडेल वर्ष आणखी तिसरं असू शकतं. १९८१ पासून सतरा अक्षरी चासी नंबर रूढ झाला. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: १९८८ साठी जे, १९९७ साठी व्ही, २००० साठी वाय, आणि २००१ पासून आकडे सुरू होतात. इतर बाजारांसाठीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनी हा नियम पाळतेच असं नाही. तिथे फ्रेम नंबर घेऊन पार्ट कॅटलॉगमधली त्याची मालिका शोधावी लागते. थोडं किचकट काम आहे, पण एकदाच करायचं असतं. जे वर्ष सापडेल ते कागदावर लिहून गाडीच्या टूलकिटमध्ये ठेवा.

पार्ट नंबर वाचायचा कसा?

पार्ट नंबर म्हणजे कंपनी प्रत्येक सुट्या भागाला देते तो क्रमांक. तो वाचता येणं हेच या शोधातलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे.

होंडाचा नंबर तीन तुकड्यांत असतो. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, सीटसाठी ते ७७ ने सुरू होतात. मधली तीन अक्षरं म्हणजे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला: ३७१ म्हणजे जीएल१०००, एमएन५ म्हणजे जीएल१५००, एमसीए म्हणजे जीएल१८००, एमटी३ म्हणजे एसटी११००. शेवटच्या तुकड्यात सुधारणा आणि रंग. झेडए, झेडबी अशी शेपटी दिसली तर ती रंगाची. रंगाची शेपटी वेगळी आणि बाकी नंबर तोच असेल तर निर्धास्त घ्या, तळ तोच असतो. मधली तीन अक्षरं वेगळी असतील तर थांबा.

यामाहा मॉडेलचा कोड आधी लिहिते. पहिल्या पिढीच्या एफजेआर१३०० चा कोड ५जेडब्ल्यू, त्यानंतर २४७३० आलं की ती जोडसीट. सुझुकीत संपूर्ण सीट ४५१०० ने सुरू होते, मॉडेल कोड त्यानंतर. बीएमडब्ल्यूचे नंबर अकरा आकडी असतात आणि सीटचा गट ५२. हार्लेच्या नंबरात आडव्या रेघेनंतरचे दोन आकडे म्हणजे तो भाग पहिल्यांदा ज्या मॉडेल वर्षासाठी आला ते वर्ष. रेघेपुढे ९७ असेल आणि तुमची गाडी २००३ ची असेल तर घाबरू नका. तो भाग १९९७ पासून चालत आलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जुने नंबर रद्द होऊन त्यांच्या जागी नवे येतात, हेही लक्षात असू द्या. जुन्या नंबराने शोधून काहीच सापडलं नाही तर तो कोणत्या नंबरात विलीन झाला ते पाहा. आणि कॅटलॉग उलट्या दिशेनेही वाचा. "हा नंबर आणखी कोणकोणत्या गाड्यांना लागतो?" असं शोधलं की कधीकधी अशी गाडी निघते जिची सीट सहज मिळते आणि तुमच्या गाडीला तंतोतंत बसते.

दुसऱ्या मॉडेलची सीट थोडी कापून-जोडून बसवता येईल का?

येते, पण मी सुचवणार नाही. बोल्टने घट्ट बसणाऱ्या एकसंध सीटमध्ये एखादी पट्टी वाकवून जमवणं समजू शकतो. जीभ आणि लॉकवर बसणाऱ्या सीटमध्ये नवी जीभ वेल्ड करणं किंवा फायबरला बोल्टने कसणं म्हणजे दोन माणसांचा भार त्या एका सांध्यावर टाकणं. त्यापेक्षा तुमचा तळ ठेवा आणि दुसऱ्या सीटची गादी त्यावर आणा. कारागिराला दुसरी सीट नमुना म्हणून दाखवली की पुरते.

मापं कोणती घ्यायची?

आधी जुनी सीट काढून पुठ्ठ्यावर तिच्या तळाची रेघ मारा, बाह्याकार आणि सगळी भोकं, हुक, बुश यांच्या जागांसकट. हा पुठ्ठा तुमचा खरा मापदंड. विकणाऱ्याला त्याचा फोटो टेपसकट पाठवला की निम्म्या गैरसमजुती तिथेच मिटतात.

आकड्यांत पाहायचं तर जिभेच्या टोकापासून लॉकच्या खिट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर, जिभेची रुंदी आणि जाडी, मागच्या बोल्टमधलं अंतर, टाकीला टेकणाऱ्या नाकाची रुंदी. जिभेपासून लॉकपर्यंतच्या मापात पाच मिमीचा फरक पडला तरी लॉक लागत नाही, किंवा लागतं आणि सीट खुळखुळते. बाहेरच्या रुंदीत दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. कुठे काटेकोर असायचं हे कळलं की मोजण्याची धास्ती जाते.

गोल्डविंगवाल्यांसाठी एक गोष्ट. या गाड्यांची पेट्रोलची टाकी पहिल्यापासून सीटखाली आहे. सीटच्या पुढे टाकीसारखं दिसतं ते नुसतं आवरण. ते आवरण एखाद्या दुरुस्तीनंतर थोडं पुढे-मागे बसलेलं असेल तर योग्य सीटही चुकीची वाटते. आधी आवरण सरळ बसवा, मग सीट मापा.

सीट बसली, लॉकही लागलं. आता निघायचं का?

लगेच नको. माझी पहिली सीट "याच मॉडेलची" म्हणून आली होती. मागचं लॉक टक् करून लागलं, वरून सगळं नीटनेटकं दिसत होतं. पाऊण तास गाडी चालवली आणि एका खोल खड्ड्यावरून जाताना सीटचं नाक बोटभर उचललं गेलं आणि डावीकडे सरकलं. मी हँडल धरून कसाबसा कडेला आलो. सीट काढून पाहिली तर जीभ फ्रेमच्या पट्टीखाली जायच्याऐवजी तिच्यावर बसली होती. जीभ चार मिमी जाड होती आणि फट तीनचीच होती. ती आत जाणं शक्यच नव्हतं. लॉकने नुसतं मागचं टोक धरून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी लॉकच्या आवाजावर विश्वास ठेवत नाही. सीट लावल्यावर नाकाला दोन्ही हातांनी धरून वर ओढा, मग डावी-उजवीकडे ढकला. तसंच मागच्या टोकाला. ती गाडीसकट हलली पाहिजे, एकटी नाही.

मग मातीची परीक्षा. मुलांच्या खेळण्यातली मऊ चिकणमाती घ्या, बोराएवढे गोळे करा आणि सीटखाली जिथे काही घासू शकेल तिथे ठेवा: बॅटरीची टर्मिनल्स, फ्यूज बॉक्स, वायरिंगचा जुडगा, टाकीची हवानळी, टूलकिटचा खण. वर पातळ प्लास्टिक अंथरा, सीट लावा, दोघांनी बसून एकदा जोरात दाबा, मग काढा. गोळा कागदासारखा चपटा झाला असेल तर तिथे जागा नाही. आठ-दहा मिमी जाडी राहिली असेल तर चांगलं. माझ्या दुसऱ्या सीटमध्ये बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरचा गोळा आरपार पारदर्शक झाला होता. तळ पत्र्याचा होता. पत्रा, पॉझिटिव्ह टर्मिनल आणि फ्रेम यांची गाठ पडली तर सीटखाली ठिणगी पडते, आणि ती पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर. ती सीट मी बसवलीच नाही. पत्र्याच्या तळाची सीट घेत असाल तर बॅटरीवर रबरी टोपी असलीच पाहिजे, आणि टोपी घातल्यावरही जागा उरली पाहिजे.

शेवटी रबरी बुश. नव्या-जुन्या कुठल्याही सीटखाली ते सगळे आहेत का ते मोजा. हे बुश सीटचा भार फ्रेमवर वाटून देतात. एक गळालं की तो कोपरा खाली जातो, सगळं वजन जीभ आणि लॉकवर येतं, आणि वर्षभरात तळाला जिभेपाशी चीर जाते. चिरलेले बहुतेक तळ मी पाहिले ते अशाच रबराअभावी चिरलेले.

वापरलेली सीट लांबून मागवताना काय विचारायचं?

खालचा फोटो, जिभेचा जवळून फोटो, पार्ट नंबरची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो, आणि वजन. वजन विचारलं की लोकांना नवल वाटतं, पण पाणी प्यायलेला फोम वजनात लगेच कळतो. शिलाईतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलेली सीट कोरड्या सीटपेक्षा सहज दोन-तीन किलो जड भरते. असा फोम उन्हात वाळवूनही पूर्ण सुकत नाही. बसलं की ओल वर येते. वासही येतो.

कव्हर फाटलेलं असेल तर हरकत नाही, उलट त्यामुळे सौदा चांगला होतो. फोम दबलेला असेल तरी चालेल. तळ चिरलेला, जीभ वाकलेली किंवा लॉकची खिट्टी गायब असेल तर नको. उंची बदलता येणाऱ्या सीट घेताना खालच्या पट्ट्या किंवा कंस सोबत येणार का ते विचारा. बीएमडब्ल्यूच्या आर११००आरटीची चालकाची सीट तीन उंचींवर लागते, पण त्यासाठीचे सुटे भाग विकणाऱ्याच्या गाडीवरच राहिलेले असू शकतात.

तयार कस्टम सीट घ्यावी की आपल्याच तळावर नवी गादी करावी?

जुन्या गाडीसाठी माझं मत स्वच्छ आहे: तुमचा मूळ तळ शाबूत असेल तर त्यावरच गादी करून घ्या. बसण्याचा प्रश्न तिथेच सुटलेला असतो. लॉक, जीभ, बुश सगळं कंपनीच्या मापाचं. उरतो फक्त सोसण्याचा प्रश्न, आणि तो तुम्ही कारागिरासोबत बसून सोडवू शकता.

तयार सीट बनवणारे जुने-जाणते लोक आहेत. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावचा कॉर्बिन, मॅसॅच्युसेट्समधला मस्टँग, फ्लोरिडातला सार्जंट, फ्रान्सचा बॅगस्टर, जर्मनीचा काहेडो. यांच्यात काहीजण स्वतःचा तळ ओततात, काहीजण तुमचा तळ मागवून त्यावर काम करतात. पहिल्या प्रकारात तुमची मूळ सीट घरी राहते, हा मोठा फायदा. दुसऱ्या प्रकारात ती पाठवावी लागते आणि तोवर गाडी उभी राहते, पण मापाची चूक व्हायला फारशी जागा नसते. जुन्या मॉडेलचा साचा त्यांच्याकडे अजून आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. कॅटलॉगमध्ये नाव असलं तरी साचा कधीकधी झिजलेला किंवा मोडीत निघालेला असतो.

तळच फुटलेला असेल तर आधी दुसरा मूळ तळ शोधा, फाटक्या कव्हरचा, स्वस्तातला. तो मिळेना तर मग तयार सीट.

फोम कसा असावा?

जाड आणि मऊ म्हणजे चांगला, असं दुकानात बोटाने दाबून वाटतं. बोटाने दाबायचा फोम आणि तीन तास बसायचा फोम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, त्यावर फोम किती वर्षं टिकेल ते ठरतं. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. घरच्या उशीचा फोम साधारण २० ते ४० किलो प्रति घनमीटर असतो, तो गाडीवर महिन्याभरात चपटा होतो. तुकडे दाबून बनवलेला रीबॉन्डेड फोम सहसा ८० ते १२० चा असतो, तो तळाशी घालायला उत्तम. त्याच्यावर मध्यम कडक मोल्डेड (साच्यात ओतलेला) किंवा चांगल्या घनतेचा फोम, आणि अगदी वर अर्धा सेंटिमीटर मऊ थर, तोही फक्त कव्हर गुळगुळीत बसावं म्हणून.

फोम इतका मऊ असेल की बसल्यावर तळ लागतो, तर बसायची दोन हाडं थेट प्लास्टिकवर टेकतात आणि दुखणं अर्ध्या तासात सुरू होतं. इतका कडक असेल की काहीच दबत नाही, तरी सगळा भार त्याच दोन हाडांवर. म्हणून कडकपणाइतकाच आकार महत्त्वाचा. मागे रुंद आणि किंचित खोलगट, मांड्यांपाशी अरुंद आणि कडा गोल, अशी सीट भार पसरवते. पुढे उतरती असेल तर दर ब्रेकला तुम्ही टाकीकडे घसरता आणि दर मिनिटाला मागे सरकता. लांबच्या प्रवासात हे सरकणंच माणसाला थकवतं. स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. बसायची जागा सपाट किंवा जराशी मागे झुकलेली हवी.

कारागिराकडे गादी करायला दिलीत तर कव्हर शेवटच्या दिवशीच लावायला सांगा. नुसता फोम कोरून, वर चादर टाकून गाडी एक-दोन तास चालवा. माझ्या गादीच्या डाव्या काठावर एक उंचवटा राहिला होता, हाताला लागत नव्हता, पण चाळीस मिनिटांनी मांडीला मुंग्या यायच्या. परत गेलो. कारागिराने पेनाने गोल काढला, सँडिंगच्या चकतीने चार-पाच मिमी उतरवलं, पुन्हा बसवलं. दोन फेऱ्यांत ते मिटलं. कव्हर लागलेलं असतं तर ना मी सांगितलं असतं, ना त्यांनी उघडलं असतं.

जेल घालावं का?

घालायचं तर फोममध्ये खाच कोरून, वर फोमचा थर देऊन. कव्हरच्या लगेच खाली ठेवलेलं जेल उन्हात तापतं आणि बराच वेळ गरम राहतं. खराब फोमवर जेल हा उपाय नाही.

कव्हर कातड्याचं की रेक्झिनचं?

गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर रेक्झिन, आणि बोटींच्या सीटला वापरतात तसं ऊन-खाऱ्या हवेला टिकणारं. कातडं घामाला चांगलं आणि काळानुसार शरीराचा आकार घेतं, पण पाऊस आणि दुर्लक्ष त्याला सोसत नाही.

पाणी कापडातून शिरत नाही, शिलाईच्या भोकांतून शिरतं. बसायच्या मध्यभागी शिलाई जितकी कमी तितकं बरं. फुल्या-चौकटींची नक्षी दिसायला देखणी, पण तिची शेकडो भोकं फोमला पाणी पाजतात. नक्षी हवीच असेल तर कडेला घ्या आणि शिलाई आतून सील करून घ्या. स्टेपल स्टेनलेस स्टीलच्याच मारायला सांगा. साध्या स्टेपल दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कव्हर सुटतं. प्लास्टिकच्या तळाला ६ मिमीच्या पुरतात. लांब स्टेपल तळाच्या आरपार जाऊन वायरिंगला टोचू शकतात.

पाय जमिनीला टेकत नाहीत. सीट खाली करून घेऊ का?

आधी रुंदी पाहा. सीटचं नाक रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय लांब असूनही टाचा उचललेल्या राहतात. नुसत्या पुढच्या कडा उतरवून घेतल्या तरी पुष्कळांचे पाय नीट टेकतात, आणि बसायची जागा शाबूत राहते. फोम दोन इंच उतरवला तर गुडघे जास्त वाकतात आणि लांबच्या प्रवासात ते तक्रार करतात. उंच माणसांना मी उलट सल्ला देतो: सीट एक इंच वर घ्या, गुडघ्यांना आराम पडेल. मात्र मनगटांवर भार वाढतोय का ते पाहा, वाढला तर हँडल थोडं वर आणावं लागेल.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचं काय?

तिला सोबत नेऊन बसवून पाहा, एवढंच सांगेन, कारण हे बहुतेकजण करतच नाहीत. चालकाची गादी मागे सरकवली की मागच्याची जागा आक्रसते. मागच्या बॉक्सचा पाठटेकू, पकडदांड्या आणि सीटची मागची कड यांचं जमलं पाहिजे. जीएल१८०० मध्ये पकडदांड्यांचे बोल्टच सीटला धरून ठेवतात. तिथे सीट बदलताना ते बोल्ट नीट टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, कसायला विसरू नका.

मूळ सीट गरम होणारी होती. दुसऱ्या सीटला ती वायर जोडू का?

प्लग सारखा दिसला म्हणून जोडू नका. बीएमडब्ल्यू के१२००एलटी सारख्या गाड्यांत सीट गरम होते, तिची वायरिंग आणि स्विच त्या सीटसाठीच्या पॅडच्या हिशेबाने असतात. नवं पॅड किती करंट ओढतं ते पाहून त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. सीट गरम होणारी नसेल तर गाडीकडचा प्लग टोपी घालून बांधून ठेवा. उघडा सोडलात तर त्यात पाणी जातं.

सीट बदलली, तरी दुखतंच. आता?

मागचा शॉक तपासा. जुन्या गाडीत स्प्रिंग बसलेला असतो, शॉकमधलं तेल निकामी झालेलं असतं, आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात जातो. तुम्ही नेहमीच्या सामानासह बसल्यावर मागचं चाक त्याच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास दबायला हवं. अर्ध्यापेक्षा जास्त दबत असेल तर दोष सीटचा नाही. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण, वाढवा, तेवढ्याने भागलं नाही तर शॉक उघडून दुरुस्त करा.

नव्या गादीला थोडा वेळही द्या. कडक फोम आणि कातडं पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये बदलतात. पण पाय बधिर होत असतील तर वाट पाहू नका. बधिरपणा गादी मुरण्याने जात नाही, कडा उतरवल्यानेच जातो.

नवी सीट मस्त जमली. जुनी देऊन टाकू का?

देऊ नका. कव्हर आणि फोम काढून टाकायचा असेल तर टाका, पण तळ पुसून, जिभेला ग्रीस लावून, बुश एका पिशवीत घालून तळाला बांधून ठेवा. आडवा ठेवा, वर काही रचू नका, नाहीतर प्लास्टिक वाकतं. वर पार्ट नंबर आणि गाडीचं मॉडेल वर्ष मार्करने लिहा. पुढच्या वेळी मापं घ्यायला तुमच्याकडे मूळ वस्तू असेल. आणि गाडी कधी विकलीत तर तो तळ गाडीसोबत द्या.